पीरचाचा थांबले

रिबेका रणपिसेनं उपासनेत कधी संदेश दिला नव्हता. ते काम तिच्या नवऱ्याचं, योनातानचं. तो पौडच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक होता. बाजारपेठेमागच्या एका भाड्याच्या खोलीत दर रविवारी पंचवीस-तीस माणसं जमायची. कुणी पिरंगुटच्या कारखान्यात कामाला, कुणी भरे गावाहून येणारं शेतकरी कुटुंब. रिबेका पेटी वाजवायची, मुलांचं संडे स्कूल घ्यायची आणि उपासना सुटली की सगळ्यांसाठी चहा टाकायची. नोव्हेंबरात योनातानला एका सभेसाठी नगरला जावं लागलं. निघताना तो म्हणाला, "ह्या रविवारी तू बोल."

"मला जमेल का?"

"पोरांना गोष्ट सांगतेस तशीच सांग. फक्त जरा सावकाश."

तिनं बायबलमधला हरवलेल्या मेंढराचा दाखला निवडला. कापसाची मेंढरं करून मुलांना तो तिनं कितीदा तरी सांगितला होता. आठवडाभर तांदूळ निवडताना, कपडे वाळत घालताना ती मनातल्या मनात बोलत राहिली. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं ठरलं. शनिवारपर्यंत तिला स्वतःचं बोलणं चांगलंच आवडायला लागलं होतं.

रविवारी दुसरं गीत संपलं, ती उभी राहिली, आणि तेवढ्यात दारात नाजनीन दिसली. समोरच्या भांड्यांच्या दुकानवाल्या वाजिदची ही बायको. डोक्यावरची ओढणी सावरत ती उंबऱ्याबाहेरच थांबली होती.

"रिबेकाताई, मधेच आले, माफ करा. अब्बा कुठं दिसतायत का? सकाळपासून घरात नाहीत."

अब्बा म्हणजे तिचे सासरे, पीरमहंमद. सगळं पौड त्यांना पीरचाचा म्हणायचं. ऐन उमेदीत ते कल्हईवाले होते. पाठीवर भाता आणि कथील घेऊन मुळशीच्या वाड्यावस्त्यांवर जायचे आणि तांब्या-पितळेची भांडी आतून चांदीसारखी करून द्यायचे. पुढं घरोघर स्टील आलं आणि तो धंदा बसला. अलीकडं त्यांना विसरायला व्हायचं. कधी नातवंडांची नावं विसरायचे, कधी घराचं दार. मधेच उठून म्हणायचे, "वाडीवर जायचंय, भांडी खोळंबलीत." एरवी ते बसस्टँडवर सापडायचे. आज तिथं नव्हते, आणि वाजिद माल आणायला पुण्याला गेला होता.

"आपण प्रार्थना करू," रिबेका म्हणाली. तिनं मनापासून प्रार्थना केली. नाजनीन मान खाली घालून ऐकत उभी राहिली आणि आमेन होताच घाईनं निघून गेली.

रिबेकानं घसा साफ केला. "एक मेंढपाळ होता," तिनं सुरुवात केली. "त्याच्या कळपातलं एक मेंढरू दिसेना..."

बाहेरून नाजनीनची हाक ऐकू आली. "अब्बा... ओ अब्बा..." हाक गल्लीच्या टोकाकडं लांब लांब जात होती.

रिबेकाचं पुढचं वाक्य पाठ होतं, पण ते तोंडातून निघेना. समोरची माणसंही तिच्याकडं बघत नव्हती. सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या होत्या.

"आज हे राहू दे," ती म्हणाली. "चला, चाचांना शोधू."

किशोर आधीच उठला होता. त्याचा स्वतःचा छोटा टेम्पो होता, कारखान्यांचा माल ने-आण करायचा. काही जण नदीकडं गेले, काही बसस्टँडकडं. नाजनीननं गावोगाव प्रवासी नेणाऱ्या वडापच्या जीपवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली. त्यातला एक म्हणाला, "टोपीवाले बाबा ना? माले गावाला उतरले की सकाळी. वळखीचं काम हाय म्हनाले."

नाजनीनला दोन लहान मुलांना सोडून निघता येईना. "तू घरी थांब," रिबेकानं तिला सांगितलं. "आम्ही घेऊन येतो त्यांना." आणि ती किशोरच्या टेम्पोत बसली.

मालेला पोचल्यावर किशोर म्हणाला, "ताई, मी गावात अन् रस्त्याच्या कडंनं बघतो. तुमी ह्या पायवाटंनं वाईच वर जाऊन या. वाडीची वाट हीच हाय."

भातकापणी होऊन गेली होती. खाचरांत नुसती धसकटं उरली होती आणि बांधावरचं गवत पिवळं पडलं होतं. रिबेका हाका मारत चढत राहिली. ऊन चांगलंच तापलं. एक ओढा आडवा आला. पाणी आटून वाटीएवढं राहिलं होतं. पलीकडं जायला तिनं एका दगडावर पाय ठेवला, दगड फिरला आणि ती खाली गेली. घोट्यातून कळ निघाली ती थेट डोक्यात. उठायला गेली तर पाय टेकवेना. फोन पर्समध्ये आणि पर्स टेम्पोत.

ती ओरडत राहिली. "किशोर! कुणी आहे का?" टेकडीवरून तिचाच आवाज परत आला.

मग करवंदीच्या जाळीमागून कुणीतरी खाकरलं. पांढरी टोपी, मळका सदरा, खांद्यावर पंचा. पीरचाचा ओढ्यात हळूहळू उतरत होते.

"काय झालं गं पोरी?"

"चाचा, मी रिबेका. तुमच्या दुकानासमोर आमची प्रार्थना असते ना, तिथली. तुम्हालाच शोधायला आले. पाय मोडलाय बहुतेक."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. ओळख काही पटली नाही. पण सुजलेला घोटा दिसताच ते कळवळले. "अरं अरं अरं. लई सुजलाय की." हातांचा टेका घेत ते तिच्याशेजारी दगडावर बसले.

"चाचा, खाली रस्त्यावर किशोर आहे. त्याला हाक मारता का?"

ते उठले. पायवाटेपर्यंत गेले. तिथं उभं राहून त्यांनी वरच्या बाजूला बघितलं, मग खालच्या. कितीतरी वेळ ते तसेच उभे होते. मग परत फिरले.

"तुला हितं एकलीला टाकून म्या न्हाई जायाचा."

वाट आठवली नाही म्हणून ते परतले की तिच्यासाठी, हे रिबेकाला कळलं नाही. पण त्यांना पाठवलं तर ते पुन्हा हरवतील एवढं तिला कळलं. "बसा चाचा," ती म्हणाली. "येईल कुणीतरी."

ते बसले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर धरला, ऊन लागू नये म्हणून. "पोरंबाळं काय?" त्यांनी विचारलं.

"एक मुलगा आहे. निषाद. हिंजवडीला नोकरी करतो. छान चाललंय त्याचं."

"बेस," चाचा म्हणाले.

थोडा वेळ ते समोरच्या टेकडीकडं बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली, तिला पाहिलं आणि दचकले.

"काय झालं गं पोरी?"

रिबेकानं पुन्हा सांगितलं. ते पुन्हा घोट्याकडं वाकले, तसेच कळवळले, आत्ताच बघितल्यासारखे. "अरं अरं अरं. भिऊ नको. म्या हाय हितं. न्हाई जायाचा." मग पुन्हा विचारलं, "पोरंबाळं?"

"मुलगा आहे एक. फारसा येत नाही घरी."

असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. पहिल्यांदा तिला हसू आलं. नंतर कळा वाढल्या तशी ती वैतागली. पण ते चिडले नाहीत, कंटाळले नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक वेळ पहिलीच होती. प्रत्येक वेळी तीच कळकळ, तोच शब्द, आणि हातांतला तो पंचा. हात खाली यायचे, ते पुन्हा वर उचलायचे.

"पोरंबाळं काय तुला?"

ह्या वेळी तिनं सगळं सांगितलं. इतक्या मोकळेपणी ती कुणाशीच बोलली नव्हती. "मुलगा बापाशी भांडून गेला, चाचा. म्हणाला, मला तुमच्या मंडळीतही यायचं नाही आणि पाळकाचा पोरगा म्हणून मिरवायचंही नाही. दोन वर्षं झाली. नाताळला फोन करतो, दोन मिनिटं बोलतो. मी रोज सकाळी देवाकडं तेच मागत होते, त्याला घरी आण. तेच शब्द. आता मागायचीही लाज वाटते. देवालासुद्धा माझा कंटाळा आला असेल. महिनाभर झालं, मागणंच सोडलंय."

चाचांनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. "येईल की," ते म्हणाले. "पोरगं हाय. दगड न्हाई."

मग टेकडीवरून वाऱ्याची झुळूक आली, त्यांनी तिकडं पाहिलं, परत तिच्याकडं वळले, आणि त्यांच्या डोळ्यांत पुन्हा ती नवी काळजी भरून आली. "काय झालं गं पोरी?"

रिबेकाला रडू फुटलं. पाय दुखत होताच, पण हे रडू पायाचं नव्हतं. ह्या म्हाताऱ्याचं मन इतकं विरलेलं, नाव आठवत नाही, वाट आठवत नाही, तरी समोर दुखणारं माणूस दिसलं की ते प्रत्येक वेळी नव्यानं कळवळतंय. मग ज्याचं काहीच विरत नाही, ज्याला सगळं आठवतं, तो स्वर्गातला बाप आपल्या त्याच त्या गाऱ्हाण्याला कसा कंटाळेल? तिनं तिथंच, ओढ्यात बसल्या बसल्या, महिनाभर राहिलेलं मागणं मागितलं. तेच शब्द, एकही बदलला नाही. चाचांनी तिचे जोडलेले हात पाहिले आणि पंचा सांभाळत स्वतःही ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले.

वरून लाकडांची मोळी घेऊन एक बाई येत होती. आवाज ऐकून ती थांबली. "कोन हाय तितं?"

ती वाडीवरची सखू. मोळी टाकून ती खाली उतरली आणि चाचांना बघून हसली. "ह्यो तर कल्हईवाला बाबा. माझ्या लहानपनी यायचा. आमच्या अंगनात भाता लावायचा." रिबेकानं किशोरचं सांगताच ती पायवाटेनं पळाली आणि किशोरला आणि मालेतल्या दोन माणसांना घेऊन आली. त्यांनी रिबेकाला चादरीत घालून उचललं. चाचा तिचा हात धरून सोबत चालले. टेम्पोत बसेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

पौडच्या दवाखान्यात नाजनीन धावत आली. सासऱ्यांना आधी डोळे भरून पाहिलं, मग रिबेकाच्या खाटेशी बसली. "ताई, तुमच्यामुळं सापडले अब्बा. अन् तुमची ही दशा झाली."

"मी कसली शोधतेय," रिबेका म्हणाली. "मी पडले होते. त्यांनीच मला शोधलं, आणि ते थांबले."

पायाला प्लास्टर घातलं. संध्याकाळी योनातानचा फोन आला. त्याला अजून काहीच कळलं नव्हतं. "संदेश कसा झाला?"

"झालाच नाही. मी ओढ्यात पडले." तिनं सगळं सांगितलं. त्यानं पायाची चौकशी केली. मग म्हणाला, "मी पहाटेच्या गाडीनं येतो. आणि पुढच्या रविवारीही तूच बोल. जे मला सांगितलंस, तेच सांग."

निषादला कुणी कळवलं, कळलं नाही. बहुधा किशोरनं. सोमवारी संध्याकाळी त्याची मोटारसायकल दाराशी थांबली. हातात संत्र्यांची पिशवी घेऊन तो आत आला, आईच्या प्लास्टरकडं बघत उभा राहिला. वजन उतरलं होतं त्याचं.

"मला फोन का नाही केलास?"

"तू कामात असशील म्हणून."

"असं नको करत जाऊ, आई." त्यानं पिशवी ठेवली आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. योनातान घरातच होता. बापलेकांनी एकाच चटईवर बसून चहा घेतला. हिंजवडीची वाहतूक, मोटारसायकलचा टायर, असलंच बोलले. जुनं कुणी काढलं नाही. पण रात्री जेवायला थांबलास तर बरं, असं योनातान म्हणाला, आणि निषाद थांबला.

पुढच्या रविवारी रिबेकानं खुर्चीत बसून संदेश दिला. ठरवलेल्या जागी ती थांबली नाही, आवाजही खाली आणला नाही. घडलं ते सांगितलं. "मला वाटलं होतं, मी मेंढपाळासारखी निघालेय," ती म्हणाली. "निघाले मेंढपाळ म्हणून, आणि झाले मेंढरू. देवानं माझ्याजवळ कुणाला बसवलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमचं एखादं जुनं मागणं लाजेपोटी सोडलं असेल, तर आज पुन्हा मागा. तो ऐकून कंटाळत नाही."

उपासना सुटल्यावर किशोर म्हणाला, "ताई, चाचांना वाडीवरच जायचं असतंय ना? तर दर रविवारी मी नेतो त्यास्नी टेम्पोतनं. सखूबाईनं तिच्या आईचं पितळी पातेलं काढून ठेवलंय. कल्हई न्हाई झाली तरी हात तर फिरवतील." समोरून चहाला आलेले वाजिद आणि नाजनीन लगेच हो म्हणाले.

रिबेकाला घरी न्यायला निषाद आला होता. तो आत आला नाही. दाराबाहेर मोटारसायकलला टेकून उभा होता, आणि पीरचाचा त्याच्या शर्टाच्या बाहीला धरून मालेची वाट समजावून सांगत होते. निषाद मान हलवत होता. रिबेकानं चहाचे दोन कप भरले आणि एका मुलीच्या हाती बाहेर पाठवले.