तांबडीच्या जिभेवरची साल

“लस न्हवं, बर्फाचं पाणी टोचलंस तू,” दूध संस्थेच्या पायरीवरनं बापूसो अण्णा भर रांगेत म्हणाले. “माझ्या दोन म्हशी लाळ गाळत बसल्यात.”

आबांशेजारी दुधाची किटली धरून उभ्या असलेल्या क्रांतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचे आबा, आकाराम, बावीस वर्षं कळंब्याच्या पलीकडची गावं फिरून जनावरांना लाळ्या-खुरकूताची लस टोचत होते. घरच्या फ्रिजात लशींमुळं भाजीला जागा नसायची, पण लसपेटीचा बर्फ कधी चुकला नव्हता.

“बर्फ शाबूत हुता, अण्णा,” आबा म्हणाले. “ह्यो विषाणू अंगरखा बदलतोय. लशीला जुना अंगरखा ठावं हाय. नव्यात आला तर वळखायचा कसा? फोडाची ताजी साल लॅबला गेली तर कळंल. पण तुमी समद्यांनी जनावरांची तोंडं तुरटीनं धुतलीसा.”

“विषाणू शिंप्याकडं गेलता म्हण की.”

रांग फिदीफिदी हसली.

पशुवैद्यकीय खात्याच्या साहेबांनी तर आबांच्या नावचा जबाब टाइप करूनच पाठवला होता : ‘माझ्या हलगर्जीपणामुळे बर्फ वितळून लस निकामी झाली.’ खाली सहीपुरती जागा. एक सही केली की प्रकरण मिटलं, आणि पुढच्या फेरीला पुन्हा तीच लस. मरणार जनावरं, नाव जाणार आबांचं. वा रे न्याय.

दोघं घरी आले तर गोठ्यात तांबडी गाय लाळ गाळत उभी. आई तुरटीचं पाणी घेऊन पुढं झाली.

“आई, थांब. धुऊ नगंस,” क्रांती म्हणाली.

“गप. गावाला कळलं तर म्हणतील, घरच्या गाईलाबी पाणीच टोचलं.”

“म्हणू देत की. आपल्याच फ्रिजातली लस टोचलीया तिला. आबांनी स्वतः. पेटीतला बर्फ वितळायचा संबंधच न्हाई.”

आबांनी क्षणभर लेकीकडं पाहिलं. मग हात धुऊन तांबडीची जीभ हळूच बाहेर घेतली. फुटलेल्या फोडाची पांढुरकी साल चिमट्यानं सोडवली, नमुना टिकवायच्या औषधाच्या बाटलीत टाकली. गाय थरथरली.

लॅबला जाणाऱ्या नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘जनावराचा मालक’ असा रकाना होता. तिथं आबांनी पूर्ण नाव लिहिलं, खाली ठसठशीत सही केली.

लसपेटीत बर्फ भरून बाटली ठेवली, तर ती डुगडुगू लागली. आबांनी खिशातला साहेबांचा बिनसहीचा कागद काढला, त्याची चार पदरी घडी केली आणि बाटलीच्या बाजूला घट्ट बसवली.