काळी पडलेली खूण

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. डोंगरमाथ्यावरच्या पुलेझो गावात, नेइलाझो नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी, चुलीच्या वरच्या खुंटीला मी टांगलेला असतो. एका बाजूला धुरावर सुकणारे डुकराचे मांस, दुसऱ्या बाजूला मक्याची कणसे आणि मध्ये मी. आजवर मला नऊ मुठी बसल्या. पाते झिजून अर्धे राहिले आहे. तोडण्याचे म्हणाल, तर साठ वर्षांत मी साधी फांदीसुद्धा तोडली नव्हती. माणसे मला चावतात.

हसू नका. आमच्याकडे पाण्याचा किंवा जमिनीचा तंटा मिटेनासा झाला, की शपथ घ्यायची आणि शपथ घेताना लोखंड दातांत धरायचे. बोलणे खोटे असेल, तर तीस दिवसांच्या आत घेणाऱ्याच्या घरातले कुणीतरी मरते. हे सगळे मानतात. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारेही मानतात. म्हणून मला खुंटीवरून काढले, की घरातल्या बायका आधी पाळण्याकडे पाहतात.

पण मी काही दातांत धरण्यासाठी जन्मलो नव्हतो. माझा जन्म दूरच्या मूळ गावातला. त्या गावात एक सपाट दगड होता. त्यावर सकाळी भात वाळत घातला, की संध्याकाळी तो दुप्पट भरायचा. मग व्हायचे तेच झाले. आज पाळी कोणाची, यावरून भाऊ भावाच्या अंगावर धावू लागला. शेवटी आईबापांनीच दगडावर पेंढा रचून पेटवला. दगड तडकला, त्यातला आत्मा धुराबरोबर निघून गेला, आणि भाऊ वाटा धरून चालू लागले. ती गोष्ट आमच्याकडे प्रत्येक जण आपापल्या परीने सांगतो. मी तेव्हा कोरा होतो, माझ्या धारेत तोंड दिसायचे.

मी केझोच्या कमरेला होतो. केझो थोरला. तो तरण्या माणसांना घेऊन पुढे निघाला. धाकटा थेवो मागून यायचा होता, कारण त्याच्याबरोबर म्हातारी आई, लेकरे आणि गुरे होती. निघताना केझो म्हणाला, "प्रत्येक फाट्यावर झाडाला घाव घालून ठेवीन. घाव पांढरा दिसला, की समज दादा जवळच आहे. काळा पडलेला दिसला, तर समज फार लांब गेलो. मग आईला फरफटवू नकोस. पाणी बघ आणि तिथंच घर बांध."

आठ फाट्यांवर मी आठ खुणा केल्या. सगळी पांढऱ्या लाकडाची ओळखीची झाडे. त्या खुणा महिनाभर पांढऱ्या राहायच्या. नवव्या फाट्यावर मात्र एकच झाड उभे होते. गुळगुळीत सालीचे, आम्ही कुणीच कधी न पाहिलेले. केझो घाईत होता. त्याने मला उगारले. घाव बसला आणि दुधासारखा चीक माझ्या पात्यावर ओघळला. कोसभर जातो न जातो, तोच तो चीक तपकिरी होऊ लागला. मला वाटले, आता हा पाहील. त्याने पाहिले ते फक्त एवढेच, की कोयता चिकट झाला आहे. त्याने मूठभर पाला घेतला आणि मला स्वच्छ पुसून टाकले.

त्या पुसण्याचा मला आजही राग येतो.

संध्याकाळी केझोचे हात सुजले, तोंड सुजले, डोळे मिटले. तो चीक बिब्ब्यासारखा अंगावर उततो. बरा झाल्यावर त्याने माथ्यावर पुलेझो वसवले आणि पहिला नियम घातला, "त्या झाडाला या गावातल्या कुणीही, कधीही हात लावायचा नाही." झाड निषिद्ध झाले. त्याच्या सावलीत कुणी बसेना, मग तोडणे तर दूरच. आणि त्याचा घाव काळा पडतो हे ज्याच्यावरून कळले असते, ती गोष्टच नियमाखाली पुरली गेली.

माथ्यावर पोचला त्याच दिवशी केझोने मोठा विस्तव पेटवला आणि नऊ दिवस तो विझू दिला नाही. थेवो आला नाही. दहाव्या दिवशी केझो म्हणाला, "फिरला माघारी." त्यानंतर त्याने भावाचे नाव घेतले नाही. पुढे कित्येक वर्षांनी कळले, की उताराखाली, रानाच्या पलीकडे, केत्सूमी नावाचे गाव आहे आणि ते थेवोच्या वंशाचे आहे. तोवर दोन्हीकडे नातवंडे झाली होती. पहिल्या भेटीत मिठ्या झाल्या नाहीत, भाले निघाले. पुलेझो म्हणे, "तुम्ही आम्हाला सोडून फिरलात." केत्सूमी म्हणे, "तुम्ही आम्हाला टाकून पळालात." दोघांच्या मध्ये तेच झाड आणि त्याच्याजवळ एक झरा.

मित्रांनो, त्या झऱ्यापायी मला किती तोंडांची चव कळली! शेवटची शपथ साठ वर्षांपूर्वीची, नेइलाझोच्या बापाची. त्याने मला चावले आणि एकतिसाव्या दिवशी त्याचा सख्खा भाऊ तापाने गेला. पुलेझो म्हणाले, मुदत टळली, आम्ही जिंकलो. केत्सूमी म्हणाले, चढण मोठी आहे, पाप एक दिवस उशिरा पोचले. तंटा होता तिथेच राहिला. नेइलाझो त्या वेळी अठरा वर्षांचा होता. काकाला खांदा त्यानेच दिला.

यंदा हिवाळा कोरडा गेला. केत्सूमीचे खालचे पाणी आटले आणि त्यांच्या बायका वरच्या झऱ्यावर येऊ लागल्या. आमच्या पोरांनी त्यांचे हंडे फोडले, त्यांच्या पोरांनी आमच्या एकाचे डोके फोडले. चौदा टाके पडले. लाल शाली पांघरलेले दोन्हीकडचे गावबुढे, म्हणजे गावप्रमुख, बसले आणि ठरले, की पुन्हा शपथ व्हावी. थोरल्याच्या घराण्यातला सर्वांत वडील माणूस म्हणून पाळी नेइलाझोची.

आदल्या दिवशी त्याची सून सेनो मला राखेने घासत होती. तिला आठवा महिना होता. घासता घासता तिचा हात थांबला.

"मामंजी, एक विचारू?"

"विचार की. लोखंड तू घासतेयस, चावायचंय मला."

"तुम्ही जे बोलणार आहात, ते खरं आहे ना?"

नेइलाझोने चुलीतली लाकडे आत सारली. "माझ्या बापानं सांगितलं तेच मी सांगणार. बापाला त्याच्या बापानं."

"ते नाही विचारलं मी." तिने पोटावर हात ठेवला. "तीस दिवसांत घरातलं कुणीतरी, असं म्हणतात. हे पण घरातलंच आहे."

उत्तर माझ्याकडे होते, पण कोयत्याला कोण विचारतो? मी तिच्या हातात थंडगार पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन्ही गावे झाडाजवळ जमली. निषिद्ध झाडापासून वीस पावलांवर पुलेझोचे लोक, झऱ्याच्या पलीकडे केत्सूमीचे. लहान लेकरे आणली नव्हती. काठ्या मात्र पुष्कळांनी आणल्या होत्या. मला शालीतून बाहेर काढून दगडावर ठेवले. आमचा गावबुढा विसाखो पुढे झाला. हा माणूस स्वभावाने चांगला, पण त्याला स्वतःचा आवाज फार आवडतो.

"बोल नेइलाझो. पाय रोवून बोल."

नेइलाझोने मला उचलले. तो म्हणू लागला, "थोरला केझो पुढे आला. त्यानं नऊ फाट्यांवर नऊ खुणा केल्या. माथ्यावर नऊ दिवस विस्तव ठेवला. धाकटा थेवो खूण बघूनही वर आला नाही. तो आपल्या मनानं फिरला. म्हणून हे पाणी थोरल्याचं."

आता फक्त चावायचे राहिले होते. त्याने मला ओठांपर्यंत नेले. त्याचा श्वास पात्यावर आला आणि पाते धुरकट झाले. गर्दीत मागे सेनो उभी होती. तिने डोळे मिटून घेतले होते.

"थांब जरा!" पलीकडून एक चिरका आवाज आला. केत्सूमीची मेन्गुनुओ, पाठीला टोपली, तोंडात एकच दात. भातलावणीच्या वेळी सगळ्या बायकांना गाणी सांगणारी ती हीच.

"म्हातारे, हे बायकांचं काम नाही," विसाखो खेकसला.

"पाणी वाहणं बायकांचं, हंडे फुटले ते बायकांचे, आणि बोलणं तेवढं तुझं होय रे? आधी तो शालीचा पदर सांभाळ, चिखलात लोळतोय." केत्सूमीकडचे हसले. आमच्याकडचेही दोघे हसले आणि लगेच गप्प झाले. ती नेइलाझोकडे वळली. "तू म्हणालास, खूण बघूनही वर आला नाही. कसली खूण बघितली त्यानं, ते माहीत आहे तुला?"

"पांढरी. ताजी. सकाळी केलेली."

"आमच्या गाण्यात थेवोची आई म्हणते, सूर्य कलायच्या आत फाट्यावर पोचले, तर खूण काळी. कोळशासारखी. म्हणते, आधीच्या आठ पांढऱ्या असल्या तरी शेवटची खूण खरी, माझा थोरला महिन्यापूर्वीच पुढं गेला, माझ्यासाठी थांबलासुद्धा नाही. आणि ती तिथंच बसली, पुन्हा उठलीच नाही. हे आम्ही चिखलात वाकून दरवर्षी गातो. आमच्या आज्या काय गंमत म्हणून रडत होत्या?"

"खोटं आहे!" आमच्या पोरांतून कुणीतरी ओरडले. काठ्या वर झाल्या. "अर्ध्या दिवसात घाव काळा पडतो होय?"

मित्रांनो, लोखंडाला घाम फुटत नाही म्हणतात. मला विचारा. एवढ्या पिढ्यांत पहिल्यांदाच कुणीतरी तो प्रश्न मोठ्याने विचारला होता, आणि उत्तर वीस पावलांवर उभे होते. नेइलाझोने एकदा मेन्गुनुओकडे पाहिले, एकदा सेनोकडे. मग तो झाडाकडे चालू लागला.

"नेइलाझो!" विसाखो किंचाळला. "केझोचा नियम आहे! अंग सुजेल, गावावर संकट येईल!"

"चावलं तरी संकट, तोडलं तरी संकट. निदान बघून तरी घेऊ दे."

त्याने मला उगारले. साठ वर्षांनी! माझी धार बोथट होती. पहिला घाव घसरला, दुसरा बसला, तिसऱ्याला सालीचा तळहाताएवढा तुकडा उडाला. आतले लाकूड पांढरे शुभ्र होते आणि त्यावरून चीक ओघळत होता. "पांढरंच आहे!" आमची पोरे ओरडली. नेइलाझो हात लांब धरून खाली बसला. "दुपारपर्यंत कुणी हलायचं नाही," तो म्हणाला.

ती सकाळ मला माझ्या सगळ्या आयुष्याहून मोठी वाटली. भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात घावाच्या कडा पिवळट झाल्या. कुणी म्हणे ही सावली आहे, कुणी म्हणे माती उडाली. मग तो तपकिरी झाला. बडबड कमी होत गेली. नेइलाझोची बोटे सुजू लागली होती, पण तो नजर हलवत नव्हता. सूर्य डोक्यावर आला तेव्हा घाव काळा होता. कोळशासारखा. विसाखोने जवळ जाऊन पाहिले, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला बोलायला काही सुचले नाही.

"म्हणजे दादा वरच होता," मेन्गुनुओ हळूच म्हणाली.

"नऊ दिवस," नेइलाझो म्हणाला. "विस्तव विझू दिला नाही. तुम्हाला धूर तरी दिसायला हवा होता गं."

म्हातारीने टोपली पाठीवरून उतरवली आणि ती खालीच बसली. "दिसला होता. तेही गाण्यात आहे. दादा तर महिनाभर पुढं गेलेला. मग हा धूर कुणाचा? शत्रूचाच. म्हणून थेवोनं आपला विस्तव विझवला. नऊ दिवस लेकरांनी कच्चे कंद खाल्ले."

काठ्या कधी खाली आल्या, ते मला कळले नाही. मला कुणी चावले नाही, एवढे मात्र नक्की.

पाण्याच्या पाळ्या ठरवताना संध्याकाळपर्यंत कडाक्याचे भांडण झाले, पण ते भावाभावांचे भांडण होते. त्यात एकमेकांच्या आज्यांचे उद्धार झाले आणि शेवटी एकाच भांड्यातून झुथो, आमची तांदळाची दारू, प्यायली गेली. नेइलाझोचे हात तीन आठवडे सुजलेले होते. घास सेनो भरवायची. एकतिसाव्या दिवशी तिला मुलगी झाली. मेन्गुनुओ चढण चढून बघायला आली आणि म्हणाली, "बघा, या वेळीसुद्धा एक दिवस उशिराच पोचलं!" नेइलाझो हसता हसता रडला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला घासा, पुसा, चकचकीत ठेवा. माझे मागणे उलटे आहे. त्या दिवशीचा चीक माझ्या पात्यावर वाळून काळा डाग झाला आहे. सेनो सवयीने राखेची मूठ घेऊन आली, तेव्हा नेइलाझोने तिचा हात धरला. तुम्ही कधी पुलेझोला आलात आणि चुलीवरून कुणी मला तुमच्या हातात दिले, तर मला हवे तसे उलटेपालटे करून बघा. पण तो डाग पुसू नका. एकदा पुसला होता.