छत्तीस ठिपक्यांची रांगोळी

हळदीच्या डब्यावर ‘हळद’ अशी पट्टी दिसली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की मागच्या खोलीत काय होऊन बसलं असेल.

भाऊबीजेला मी वाटूरला भावाकडे गेले होते, चार दिवस राहिले. परत आले, पिशवी ठेवली, चहा टाकायला गेले, तर स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याच्या पोटावर पांढरी पट्टी आणि तिच्यावर काळी ठसठशीत अक्षरं. हळद. तिखट. चहा. साखर. तीस वर्षं मी ह्या डब्यांत हात घालते आहे, तेही बघता न बघता. आणि आता माझ्याच घरात साखर कुठे आहे ते मी वाचून शोधायचं!

“कसं वाटलं, आई?” मागून आदिनाथचा आवाज आला. हा माझा मुलगा. मी निघाले त्याच दिवशी सुट्टीला आला होता. पुण्याला एका कंपनीच्या गोदामात साहेब आहे, कुठला माल कुठल्या फळीवर ठेवायचा ते ठरवतो. त्याच्या हातात तळहाताएवढं एक यंत्र होतं. मोबाइलवर टाइप केलं की त्यातून चिकटपट्टी छापून बाहेर येते. “मराठीतसुद्धा छापतं. सगळं घर लावून टाकलं. आणि बाबांचं वर्कशॉप तर बघच!”

बाबांचं वर्कशॉप. पातेलं तसंच ठेवून मी मागे गेले.

आमच्या घरामागे पत्र्याच्या छपराची एक खोली आहे. बाहेर पाटी आहे, ‘कल्याण मोटर वायंडिंग, अंकुशनगर’. कल्याण म्हणजे आमचे मालक. साखर कारखान्यात फिटर होते आणि घरी जळालेल्या मोटरी भरून द्यायचे. जळकी तार काढायची आणि नवी तांब्याची तार फेरे मोजून बसवायची, असं ते काम. नऊ वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. भरलेली बशी धरवेना, तिथे बारीक तार कशी धरवणार? तेव्हापासून मोटरी मी भरते. सुरुवातीला ते बाजूला बसून सांगायचे. वर्षभरात सांगायची गरज राहिली नाही.

पण गिऱ्हाईक आलं की हे पुढे खुर्चीवर. मोटर हे घेणार, कधी होईल ते हे सांगणार. गिऱ्हाईक गेलं की मी पदर खोचून बसणार. आदिनाथ सुट्टीला आला की तर कामच बंद. “पोराला कशाला टेन्शन,” असं म्हणायचे. कसलं टेन्शन? बापाचे हात थरथरतात हे पोराला दिसतच होतं, पण गोळ्या चालू आहेत, काम जमतं, असं त्याला सांगून ठेवलेलं. आईचे हात चालतात, एवढंच त्याला कळू द्यायचं नव्हतं. आणि मी मूर्खासारखी ते नऊ वर्षं चालू दिलं.

खोली ओळखू येईना. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत टांगलेले. बरण्यांत स्क्रू, नट, वायसर. प्रत्येकाला पट्टी: ‘पक्कड’, ‘बेअरिंग’, ‘स्क्रू बारीक’. आणि प्रत्येक पट्टीच्या खालच्या ओळीत बारीक अक्षरांत, ‘कल्याण मोटर वायंडिंग’. खरं सांगायचं तर पाने तसे टांगलेले बघून क्षणभर बरं वाटलं. दहा नंबरचा पाना शोधण्यात माझा निम्मा जन्म गेला आहे. मग उजव्या हाताची भिंत दिसली. पांढरीशुभ्र होती.

त्या भिंतीवर माझं सगळं काम होतं. जुनी तार काढायच्या आधी मोटरीचा नकाशा उतरवून घ्यावा लागतो. आत खाचा किती, कुठल्या खाचेतून निघालेली तार कुठल्या खाचेत गेली, फेरे किती, तार किती नंबरची. वहीची पानं तेलकट हातांनी चिकटून बसतात, म्हणून मी भिंतीवर काढायची. एक मोठं वर्तुळ, कडेने जितक्या खाचा तितके ठिपके, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या कमानी. बाजूला आकडे. नाव लिहीत नव्हते, वर्तुळ बघितलं की मला मोटर कोणाची ते कळायचं. अशी साठ-सत्तर वर्तुळं होती. मोटर पुन्हा जळून आली की भिंतीपुढे उभं राहायचं आणि कामाला लागायचं.

“भिंतीला काय केलंस?” मी विचारलं.

“रंगवली! किती घाण झाली होती. तू रांगोळ्या काढून ठेवल्या होत्यास ना, ठिपक्यांच्या. बाबांच्या कामाच्या जागेत कशाला, आई? तुला मी चौकटीची छान वही आणून देतो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रांगोळ्या! आईच्या हातची वर्तुळं आणि ठिपके, म्हणजे दुसरं काय असणार? शिकलेला, पुण्यात साहेब असलेला माझा मुलगा चार दिवस त्या भिंतीपुढे वावरला, आणि रांगोळीच्या शेजारी ‘तार २० नंबर’ कशाला लिहिलंय, असा प्रश्न त्याला पडला नाही.

“आणि त्या खिळ्याला कॉइल अडकवलेली व्हती ती?”

“ती जळकी? भंगारात दिली.”

मालक कोपऱ्यात त्यांच्या खुर्चीवर बसले होते. भिंतीला रंग लागला तेव्हाही तिथेच असणार.

“तुमी बघत बसलात?” मी म्हटलं.

“म्या म्हणलं व्हतं त्याला, ऱ्हाऊ दे म्हणून.”

“एकदा म्हणाले,” आदिनाथ म्हणाला. “मी म्हटलं, रांगोळ्याच तर आहेत, आई परत काढेल. मग काही बोलले नाहीत.”

काही बोलले नाहीत! दुसऱ्यांदा बोलायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. त्यापेक्षा सत्तर मोटरी रंगाखाली गेलेल्या परवडल्या. मुलगा चुकला तो न कळून चुकला. हा माणूस सगळं कळून मूग गिळून बसला होता, आणि मला राग आला तो ह्याचा.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेरून हाक आली. “कल्याणभाऊ हायेत का?”

दैवशाला होती. आमच्या मागच्या गल्लीत तिची पिठाची गिरणी आहे, एकटीच्या हिमतीवर चालवते. तिचीच मोटर मधोमध जमिनीवर पडली होती, आतून रिकामी. वाटूरला जायच्या आदल्या दिवशी मी तिची तार काढली होती, खिडकीखाली वर्तुळ काढलं होतं आणि नमुन्याला एक कॉइल खिळ्याला अडकवून ठेवली होती.

“भाऊ, झाली का वो मोटर? आठ दिस झाले गिरणी बंद हाय. बाया दळण घेऊन दुसरीकडं जाऊन राह्यल्या. एकदा तिकडं सवय लागली की परत येत न्हाईत बघा.”

“व्हईल, व्हईल,” मालक म्हणाले.

आदिनाथला हुरूप आला. “दैवशालाताई, थांबा. तुमच्या मोटरीचा सगळा डेटा पट्टीवर छापतो आणि मोटरीलाच चिकटवतो. पुढच्या वेळेला शोधायलाच नको. बाबा, सांगा. फेरे किती?”

आता कल्पना म्हणून काही वाईट नव्हती. मालकांनी सवयीने भिंतीकडे बघितलं. पांढरी भिंत. मग माझ्याकडे बघितलं.

ती नजर मला पाठ आहे. गिऱ्हाईकाने काही विचारलं की ती यायची, आणि मी चहाचे कप उचलता उचलता म्हणायची, “तुमी मघाशी बेचाळीस म्हणले व्हते ना?” की हे लगेच, “हा, बेचाळीस.” नऊ वर्षांत मी एकदाही चुकले नाही. स्वतःचं काम त्यांच्या तोंडात असं भरवत आले, जसं काही त्यांनीच मघाशी सांगितलं होतं.

ह्या वेळी मी कप उचलले नाहीत.

“बाबा, फेरे?” आदिनाथने पुन्हा विचारलं.

“बघावं लागंल.”

“कुठं बघणार भाऊ?” दैवशाला घाबरली. “तिच्यावर कंपनीची पाटी बी न्हाई. तुमीच तर दोनदा भरली. ध्यानात न्हाई का?”

दैवशालाचा चेहरा बघून माझा जीव तुटत होता. तिचा काय दोष? आणि ही एक मोटर मला बरोबर आठवत होती, पाचच दिवसांपूर्वी उतरवलेली. आकडे ओठांवर आले होते. एक वाक्य बोलले असते तर सगळं सुरळीत झालं असतं, रोजच्यासारखं. पण मग ती भिंत कायमची रांगोळीचीच राहिली असती. मी दात आवळून उभी राहिले.

शेवटी मालक खाली बघत म्हणाले, “तिला इचार.”

“कोणाला?”

“तुझ्या आईला. म्या न्हाई मोटरी भरत. नऊ वर्षं झाली. ती भरती.” मग पांढऱ्या भिंतीकडे बोट करून म्हणाले, “त्या रांगोळ्या नव्हत्या.”

आदिनाथ आधी हसला. बाप गंमत करतोय असं त्याला वाटलं. मग त्याने भिंतीकडे बघितलं, आणि मग माझ्या हातांकडे. तारेने कापून कापून माझी बोटं चिरलेली असतात. गेल्या दिवाळीला त्याने मला पुण्याहून क्रीम आणून दिलं होतं, भांडी घासून हात फाटतात म्हणून.

“आई, तू?”

“छत्तीस खाचा,” मी म्हटलं. “एक ते आठ. फेरे बेचाळीस. तार वीस नंबर. लिही.”

त्याने लिहिलं. यंत्र घरघरलं, पट्टी बाहेर आली. माझे आकडे वर होते आणि खाली बारीक अक्षरांत ‘कल्याण मोटर वायंडिंग’.

“ते आपोआप येतं,” आदिनाथ पुटपुटला. “मी सेव्ह करून ठेवलंय.”

मालक उठले. खाचांत घालायचा पेपर कापायची कात्री घेतली, आदिनाथच्या हातातून पट्टी घेतली आणि खालची ओळ कापायला लागले. हात थरथरत होते, कात्री इकडेतिकडे जात होती. कोणी मदत केली नाही. मी तर नाहीच केली. ओळ वाकडीतिकडी कापली गेली, एका टोकाला ‘डिंग’ तेवढं राहून गेलं.

“मग खाली कोणाचं टाकू?” आदिनाथने हळूच विचारलं.

“वैनीचं टाक की, प्रभावती,” दैवशाला म्हणाली. “समद्यांला म्हाईत हाय.”

इथे माझा संयम सुटला.

“म्हाईत हाय? समद्यांला? मंग दारात येऊन ‘कल्याणभाऊ हायेत का’ कशाला इचारती गं? दोनदा तुझी मोटर भरली म्या. दोन्ही टायमाला तू ह्यांला म्हणली, भाऊ, तुमच्या हाताला काय गुण हाय! म्या तिथंच उभी व्हते, चहा घेऊन!”

दैवशालाने पदर तोंडाला लावला. “भाऊला वाईट वाटंल म्हणून, वैनी.”

भाऊला वाईट वाटेल म्हणून! म्हणजे सगळी गल्ली मिळून ह्या एका माणसाचं मन जपत होती, आणि त्यात माझंही मन असेल असं कोणाच्या मनात आलं नाही. मी काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, पण शेजारची कांताबाई कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावून बघत होती एवढं आठवतं. तिलाही माहीत असणारच.

मग मी पदर खोचला. तांब्याच्या तारेचं रीळ काढलं, तार गुंडाळायचा लाकडी फर्मा काढला आणि सगळ्यांच्या समोर, भरदिवसा, बेचाळीस फेरे मोजायला बसले. आदिनाथला शेजारी बसवलं. हाताने काम करता करता मला जी जी वर्तुळं आठवली ती त्याला सांगितली, त्याने पट्ट्या छापल्या. दोन दिवसांत बावीस आठवली. बाकीची गेली. त्याने चार वेळा माफी मागितली. मी एकदाही ‘जाऊ दे’ म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दैवशाला मोटर न्यायला आली. दारात थांबली आणि सवयीने “कल्या” एवढं तिच्या तोंडून निघालंच. मालक खुर्चीवर बसले होते, त्यांनीही मान वर केली. तिने जीभ चावली.

“वैनी, झाली का मोटर?”

“झाली. आत ये, चालू करून दाखवते.”

मी बटण दाबलं. मोटरीने एका दमात वेग घेतला, आवाज एकसारखा. दैवशाला मोटरीच्या अंगावर हात ठेवून उभी राहिली. त्या हाताखालीच पट्टी होती, खाली ‘प्रभावती’. मी मागे वळून बघितलं. मालक अजून खुर्चीवरच होते.

“आवं,” मी म्हटलं, “गिऱ्हाईक आलंय. जरा चहा टाका. साखरेच्या डब्यावर ‘साखर’ लिहिलेलं हाय.”