गुराख्यांच्या झऱ्यापर्यंत

मे संपत आला तरी ग्रीव्हची खिंड अजून डोळे मिटून पडली होती. खाली गावात सफरचंदाला बहर आला होता, गोठ्यातल्या गाई वरच्या कुरणांच्या ओढीने पाय आपटत होत्या, आणि वर रस्ता म्हणून जे काही होतं ते सात-आठ मीटर बर्फाच्या पोटात होतं. दर वर्षी तसंच असतं. बर्फ कापायची यंत्रं वर चढतात, शरदात रस्त्याच्या कडेला रोवून ठेवलेल्या उंच खांबांमधून वाट काढतात, आणि जूनच्या पहिल्या शनिवारी फाटक उघडलं की देशोदेशीच्या सायकलवाल्यांची झुंबड उडते. यंदा मात्र फेब्रुवारीत मोठा हिमलोट आला आणि खांबच घेऊन गेला. अकराव्या वळणापासून सतराव्यापर्यंत एक खांब शिल्लक राहिला नाही.

फिलिबेर रोस्तांला ही बातमी घरबसल्या कळली होती, कारण सगळ्यांत पुढचं यंत्र त्याचीच मुलगी बेरांजेर चालवायची. म्हातारा चौऱ्याहत्तरीचा. सारा जन्म चीजच्या तळघरात गेला. तिथे फळ्यांवर मुरत ठेवलेली चीजची चाकं मिठाच्या पाण्याने पुसायची, उलटायची, पुन्हा पुसायची. असल्या कामात हात चालतात आणि मन मोकळं राहतं, त्यामुळे माणूस एक तर देवभक्त होतो नाहीतर तंद्रीखोर. फिलिबेर चर्चमध्ये झोपायचा, तेव्हा तो कोणता झाला हे सांगायला नको.

पण गावात त्याला मान होता. त्याला ‘खिंडीचा पहिला’ म्हणत. फाटक उघडायच्या आदल्या दुपारी यंत्रं खाली आली, की हा पठ्ठ्या आपली हिरवी सायकल काढून एकटाच वर निघायचा. एकेचाळीस वर्षं एकदाही चुकला नाही. संध्याकाळी परतला की कॅफेवाली जेनेपीचा, म्हणजे डोंगरी वनस्पतीच्या दारूचा, पेला पुढे सरकवायची आणि विचारायची, "काय होतं वर?"

"ढग होते," फिलिबेर म्हणायचा. मग सगळे माना डोलवायचे. कॅफेच्या भिंतीवर त्याचा फोटोही लावलेला होता.

त्या गुरुवारी दुपारी बेरांजेर घरी आली ती यंत्रवाल्यांचा मुकादम गास्पार याला बरोबर घेऊनच. दोघांची तोंडं उन्हाने आणि बर्फाने भाजून विटेसारखी झाली होती. बेरांजेरने ओले हातमोजे चुलीवरच्या दांडीला टांगले. गास्पारने टेबलावर नकाशा पसरला आणि कपाळाला हात लावला.

"काका, तुमच्या पायांशी काम आहे."

"पाय आहेत," फिलिबेर म्हणाला. "गुडघ्यांचं विचारू नकोस."

"थट्टा नाही हो. कड्याखाली आमचं उपग्रहाचं यंत्र पार भंजाळतं. सहा-सहा मीटर इकडे-तिकडे दाखवतं. रस्ता चार मीटरचा, आणि डाव्या हाताला घळ. हा नकाशा मागे ती मोठी दरड कोसळली त्याच्या आधीचा, त्यानंतर रस्ता सरकवलाय. काठ्या खुपसत शोधायचं तर आणखी आठवडा जाईल, आणि हॉटेलवाले मला कच्चा खातील."

"मग मी काय करू? फुंकर मारू बर्फावर?"

"बाबा, तुम्ही कायम एकाच गिअरवर चढता ना?" बेरांजेर म्हणाली. "मी आत्ता मोजून आले. पायडलचा एक फेरा म्हणजे दोन मीटर नव्वद. तुम्ही स्टँडवर सायकल मारा, डोळे मिटा, फेरे मोजा आणि वळण आलं की सांगा. अकरापासून."

"आणि सतरापर्यंत," गास्पार म्हणाला. "उद्या सकाळी बेरांजेर त्याच हिशेबाने यंत्र घालेल."

फिलिबेरने नकाशा आपल्यापासून दूर सरकवला. कारण एक गोष्ट गावात त्याच्याखेरीज कोणालाच माहीत नव्हती. तो खिंडीच्या माथ्यावर कधी गेलाच नव्हता. चौदाव्या वळणावर गुराख्यांचा झरा आहे, एकेचाळीस वर्षं तो तिथपर्यंत जाऊन परत फिरत होता.

पहिल्या वर्षी तो फक्त पाणी प्यायला उतरला होता. झऱ्याशेजारचा सपाट दगड उन्हाने ऊबदार झाला होता, म्हणून जरा पाठ टेकली. बर्फाखालून पाणी बोलत होतं. वर खिंडीच्या खाचेतून एकेक ढग येत होता आणि त्याच्या अंगावरून खाली गावाकडे जात होता. आपण पडून आहोत आणि डोंगरच चालतो आहे असं त्याला वाटलं, आणि याच्या पुढे काही हवं आहे असं वाटेना. संध्याकाळी कॅफेत कोणी विचारलं तेव्हा त्याने ढगांचं सांगितलं. ते खरंच होतं. लोकांनी माथाच गृहीत धरला आणि त्याने तो खोडून काढला नाही. पुढे लाज वाटायला लागली, पण ती गावात वाटायची, झऱ्यावर कधीच नाही. म्हणून दर वर्षी तो पुन्हा जायचा.

आता नाही म्हणायला जागा नव्हती. तिघे मागच्या खोपटात गेले. हिरवी सायकल स्टँडवर चढवली, मागचं चाक अधांतरी फिरू लागलं. गास्पारने पेन्सिल कानावरून काढली. फिलिबेरने डोळे मिटले.

"अकरावं वळण सुटलं," तो म्हणाला आणि मोजू लागला.

आधी नुसतेच आकडे होते. मग विसाव्या फेऱ्याला उजव्या गालाला गार वाटलं. तिथे कड्यात एक कपार आहे, तिच्यातून ऑगस्टमध्येसुद्धा थंडी बाहेर पडते. तिसाव्याला चढ थोडा सैल झाला. खोपटातलं चाक तेच होतं, पण त्याच्या मांड्यांना तो सैलपणा कळला आणि श्वास लांब झाला. "अठ्ठेचाळीस, डावीकडे, लांबट वळण," तो म्हणाला, आणि त्याचा डावा खांदा आपोआप खाली गेला. गास्पारने बेरांजेरकडे पाहिलं.

बाराव्यानंतर देवदारांचा शेवटचा वास आला आणि मागे राहिला. तेराव्यावर बर्फाच्या भिंती इतक्या उंच झाल्या की आकाशाची निळी फीत तेवढी उरली, आणि त्या फितीच्या खाली तो स्वतःच्या श्वासाबरोबर हळूहळू वर तरंगत चालला. पाणी ऐकू येऊ लागलं. इतकी वर्षं चीजची चाकं पुसताना, हिवाळ्यात अंथरुणात, बायको गेली त्या आठवड्यात चर्चच्या बाकावर, तो ह्याच रस्त्याने ह्याच पाण्याकडे गेला होता. रस्ता त्याच्या अंगात मुरला होता.

"सदतीस, उजवीकडे, एकदम आखूड. चौदावं. झरा."

पाय थांबले. चाक थोडा वेळ फिरत राहिलं आणि तेही थांबलं.

"वा, काका!" गास्पार भरभर लिहीत म्हणाला. "ऑफिसात यंत्राऐवजी तुम्हालाच बसवायला पाहिजे. हं, पुढे?"

पुढचा रस्ता फिलिबेरने मोटारीतून पाहिला होता. पण मोटारीतून रस्ता नुसता डोळ्यांना दिसतो. साधारण चाळीस फेरे असतील, मग डावीकडे. चाळीस म्हणायला काय जातंय? कोण येणार होतं तपासायला? ‘चाळीस’ अगदी ओठांवर आलं. त्याने डोळे उघडले. समोर बेरांजेर उभी होती, पुढचं चाक हलू नये म्हणून दोन्ही हातांनी हँडल धरून. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. उद्या सकाळी हीच बोटं यंत्राच्या चाकावर असणार होती, आणि डाव्या हाताला घळ.

"पुढचं मला माहीत नाही," तो म्हणाला.

"आठवत नाही? घ्या, जरा दम खा."

"आठवायला आधी जावं लागतं, गास्पार. मी झऱ्याच्या पुढे कधी गेलोच नाही."

गास्पार आधी हसला. मग म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. "म्हणजे दर वर्षी...?"

"दर वर्षी."

"अहो, एकेचाळीस वर्षं आम्ही तुम्हाला फुकट जेनेपी पाजली! मी माझ्या पोरांना तुमचा फोटो दाखवतो, फोटो!" त्याने पेन्सिल कानावर ठेवली, पुन्हा काढली, काय करावं ते त्याला सुचेना. "ऑफिसला फोन करतो. आठवडा वाढवून मागतो," असं म्हणत तो अंगणात निघून गेला.

फिलिबेर सायकलवरून उतरला नाही. मान खाली घालून तो आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिला. इतकं मेल्याहून मेल्यासारखं त्याला कधी झालं नव्हतं.

"मी झऱ्यापर्यंतचंच विचारणार होते," बेरांजेर म्हणाली. "सतराचं गास्पारने मध्येच घुसडलं."

त्याने मान वर केली. "तुला ठाऊक होतं?"

"नऊ वर्षं झाली, बाबा. फाटक उघडायच्या दिवशी पहाटे मीच शेवटची फेरी मारते ना? आदल्या दिवशीच्या बर्फाच्या ओल्या भुग्यात तुमच्या चाकाची रेघ असते. झऱ्यापाशी ती दगडाकडे जाते आणि वळून खाली येते. वर सगळं कोरं असतं."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? दगडापाशी यंत्र जरा बाहेरून नेते मी. ती रेघ पुसावीशी वाटत नाही."

अंगणातून गास्पारचं फोनवरचं चढलेलं बोलणं ऐकू येत होतं.

"आणि आज मी काहीतरी ठोकून दिलं असतं तर?"

बेरांजेरने हँडल सोडलं नाही. "तर ऐकून घेतलं असतं. गास्पारला कळू दिलं नसतं, आणि वर जाऊन काठीनेच शोधलं असतं. पण संध्याकाळी घरी येऊन तुमच्यासमोर सूप प्यायला कशी बसले असते, ते मला सांगता येत नाही."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

गास्पार परत आला. "मिळाला आठवडा. शिव्याही मिळाल्या." तो दारातच उभा राहिला, म्हाताऱ्याकडे बघत. मग घसा खाकरून त्याने विचारलं, "काका, झऱ्यापर्यंतचं तरी खरं ना?"

"ते खरं."

"मग मारा पुन्हा एकदा. ताडून बघू."

फिलिबेरने डोळे पुसले आणि मिटले. बेरांजेरही त्याच्याबरोबर मोठ्याने मोजू लागली. कपार आली, सैल चढ आला, देवदार मागे राहिले, निळी फीत आली आणि पाणी ऐकू आलं. गास्पार प्रत्येक आकड्यावर पेन्सिलीने बरोबरची खूण करत गेला. झऱ्यापर्यंत एका फेऱ्याचाही फरक पडला नाही.