लाँड्रीतल्या मशीनचा सूड

मित्रांनो, मी एक जुने धुलाईचे मशीन आहे. आता लाँड्रीच्या मागच्या अंगणात उभा असतो आणि माझ्या पोटात कबुतरांनी घरटे केले आहे. मला पाहून कोणी 'बिचारे!' म्हणेल. तसे म्हणू नका. मी सूड घेऊन इथे आलो आहे.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. लाँड्रीत आणले तेव्हा दाराची चौकट काढावी लागली, इतका मी धिप्पाड होतो. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे माझ्याकडे येत. काम सुटले की मेस्त्री माझ्या कण्याला तेल देत, दाराचे रबर पुसत आणि जाता जाता पाठीवर थाप मारत. कपडे भरायला मावशी होती. तिच्या हाताला असा अंदाज की मला कधी अपचन झाले नाही. मोठे मालक येत तेव्हा म्हणत, "हे मशीन नाही हो, घरचं माणूस आहे!" मी आपला घरघरायचो.

उन्हाळा हा आमचा हंगाम. लोक सुट्टीला निघाले की हॉटेले भरतात, आणि हॉटेले भरली की आमच्याकडे चादरींचे डोंगर. पण लाँड्रीतल्या माणसांनाही मुलेबाळे असतात, त्यांनाही सुट्टी उन्हाळ्यातच हवी असते. मेस्त्रींनी त्यासाठी पाळ्या लावल्या होत्या. एक जाण्याआधी दुसरा त्याचे काम शिकून घेई. काम थोडे हळू चाले, पण अडत नसे.

मग नवे साहेब आले. इतके ओरडत की सगळे त्यांना पाठीमागे 'भोंगा' म्हणत. भोंग्याने पाळ्या मोडल्या. जो गोड बोलला त्याला रजा. मग काय, ऐन हंगामात अर्धी लाँड्री ओस पडली. त्यात मेस्त्रीही कित्येक वर्षांनी भावाकडे निघाले. जाताना म्हणाले, "साहेब, मशीन म्हातारं झालंय. अर्धंच भरा आणि तेल चुकवू नका."

"तुम्ही निवांत जा हो," साहेब म्हणाले. आणि मेस्त्रींची पाठ वळताच त्यांनी मावशीला बोलावले. "आता मशीनही तुम्हीच बघायचं. पूर्ण भरायचं. एक चादरसुद्धा कमी निघता कामा नये."

"साहेब, माझी रजा मंजूर झालीय. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. तिला माझ्याशिवाय कुणी नाही."

"बाळंतपण डॉक्टर करतात, तुम्ही नाही. रजा रद्द."

मावशी माझ्या दाराला टेकून उभी राहिली. मग पदर खोचून पुन्हा चादरी भरू लागली आणि माझे डोकेच फिरले. मी डूख धरला.

ती तेलाचा डबा मागायची, तर साहेब म्हणायचे, "मशीन थांबवायला वेळ कुणाला आहे?" माझा कणा कुरकुरू लागला तेव्हा त्यांनी मला बुटाची लाथ हाणली. मी केव्हाही बंद पडू शकलो असतो. पण मावशीने भरलेले असताना बंद पडलो, तर खापर तिच्याच डोक्यावर फुटले असते. म्हणून दातओठ खात फिरत राहिलो.

एके दिवशी मोठे मालक पाहणीला आले. साहेब पांढराशुभ्र सदरा घालून मिरवत होते. "अर्धी माणसं रजेवर आहेत, तरी काम दुप्पट! मावशी, दाखवा जरा. गच्च भरा."

"मी नाही भरणार," मावशी म्हणाली. "मेस्त्री सांगून गेलेत. मोडेल ते."

"सरका बाजूला!" साहेबांनी स्वतः बाह्या सरसावल्या, चादरी कोंबल्या, गुडघा लावून दार बंद केले आणि बटण दाबले.

मित्रांनो, याचीच मी वाट पाहत होतो. आधी लोण्यासारखा फिरलो. साहेब हसत दारासमोर उभे राहिले. मग वेग धरला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. कणा कडाडला, दाराचे रबर फाटले आणि काळ्या वंगणाचे फेसाळ पाणी साहेबांच्या छातीवर आदळले. ते धपकन खाली बसले. मोटार जळाली आणि मी कायमचा थांबलो. इतक्या वर्षांच्या कौतुकाने झाले नव्हते, इतके सुख मला त्या घटकेला झाले.

"या बाईनंच..." साहेब सुरू झाले.

"मला डोळे आहेत," मालक म्हणाले. "मावशी, तुम्ही आत्ता निघा. आणि साहेब, तुम्ही थंड हवेच्या ठिकाणी निघालाय म्हणे? ते राहू द्या. हॉटेलांना शब्द तुम्ही दिलाय ना? मग हौदावर बसा आणि हातांनी धुवा."

भर उन्हात साहेब चादरी घासत होते, पार हातांची सालटी निघेपर्यंत. मला तोवर अंगणात आणून ठेवले होते. मी पोटभर पाहिले.

मेस्त्री परतले तेव्हा माझ्या जळक्या मोटारीवर हात ठेवून बसून राहिले. "कशाला एवढा जीव काढलास रे?" म्हणाले. ते मात्र मला लागले.

आणि मावशी? ती पोचली तेव्हा नात जन्मली होती. लेकीने सगळ्या कळा एकटीने सोसल्या होत्या, दाराकडे बघत. परत आल्यावर मावशी हे मेस्त्रींना सांगत होती, तेव्हा तिचा आवाज ऐकवत नव्हता.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या आणि माणसाला वेळेवर रजा द्या. मी साहेबांचा सदरा नासवला, सुट्टी हिसकावली, तोरा उतरवला. पण त्या लेकीला तिची आई वेळेवर काही मला देता आली नाही. म्हणून माझा राग अजून उतरलेला नाही.