होडीला बांधलेली चप्पल

आत्या पाण्यात उतरत नसे. तसं तिनेच गावभर सांगून ठेवलं होतं, म्हणजे शंका घ्यायला जागाच नाही. तळ्याच्या काठी तिच्या सहा होड्या भाड्याने मिळत. दोन वर्षांपूर्वी धक्क्यावरच्या शेवाळावरून तिचा पाय सटकला, ती पाण्यात पडली, गुडघ्याची पार वाट लागली, आणि तेव्हापासून ती खुर्ची टाकून काठावर बसायची. लहानपणापासून तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहणारी बाई आता घोटाभर पाण्यालाही लांबूनच हात जोडायची.

त्यात सरकारी पत्र आलं. होड्यांचा परवाना पुढे चालू ठेवायचा तर 'सुटलेली होडी काठावर परत आणण्याची कायमची सोय' असायला हवी, आणि ती सोय साहेब स्वतः येऊन बघणार. तोवर सुटलेली होडी रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला आणून द्यायचा. पण तो बिचारा आपलं दुकान सोडून दिवसभर इथे थोडाच बसणार!

"परवाना गेला तर सरळ माझ्याकडे यायचं," भाच्याने फोनवर बजावलं. "इथे मोठी गॅलरी आहे. आरामात बस."

"गॅलरीत बसून काय करू? कुंड्यांना वल्ही मारू?" आत्या म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. भाचा वाईट नव्हता, जीव लावणारा होता, म्हणूनच त्याला नाही म्हणणं अवघड होतं.

आत्याचा कुत्रा ठोंब्या तेव्हा सात महिन्यांचा होता. हे नाव पंक्चरवाल्याने ठेवलेलं. हाक मारली की हा भलतीकडेच बघे, बस म्हटलं की उभा राही. त्याला जगात एकच गोष्ट कळायची, ती म्हणजे चप्पल. कुणाचीही चप्पल दिसली की उचलायची आणि आत्याच्या पायाशी आणून टाकायची. एकदा कुणाची तरी रबरी चप्पल काठापासून हातभर आत तरंगत होती. पाण्याला भिणारा ठोंब्या थरथर कापत, रडत, पण पोटापर्यंत आत गेला आणि ती घेऊन आला.

आत्या खुर्चीतून उठली. "अगं बाई," ती म्हणाली, "हा तर आणतो!"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. विसरलेल्या चपलांचं एक खोकं आत्याकडे होतंच. लोक होडीतून उतरताना काय काय विसरतील याचा नेम नाही. पहिल्या दिवशी चप्पल पाऊलभर आत टाकली. मग दोन पावलं. जिथे ठोंब्याचे पाय टेकेनात तिथे पंचाईत झाली. पुढच्या पायांनी तो धोब्यासारखं पाणी आपटायचा आणि मागचा अर्धा कुत्रा खाली बुडायचा. कुणीतरी पोटाखाली हात देऊन मागची बाजू वर धरायला हवी होती. कुणीतरी म्हणजे कोण? इकडेतिकडे बघून आत्याने पदर खोचला आणि ती गुडघाभर पाण्यात गेली.

"आत्या, उतरलात की!" पंक्चरवाला रस्त्यावरून ओरडला.

"कुठे उतरले? कुत्र्याला नुसतं धरतेय!"

आठवड्याभरात ठोंब्याची पाठ पाण्याबरोबर सपाट राहू लागली. तेवढ्यात नवंच खूळ. काठाला लागला की तो आधी तोंडातलं टाकून द्यायचा आणि मग अंग झटकायचा. चपलेचं ठीक होतं, पण उद्या होडीचा दोर टाकून अंग झटकत बसला तर होडी पुन्हा निघाली फिरायला! म्हणजे त्याला काठाला लागूच द्यायचं नाही, पाण्यातच गाठायचं आणि तोंडातलं काढून घ्यायचं. त्यासाठी आत्या कमरेएवढ्या पाण्यात उभी राहू लागली. ठोंब्या लांब जायला लागला तशी तीही सरकत गेली. महिनाभराने पाणी तिच्या खांद्याला लागत होतं आणि पाय तळाला लागत होते की नाही, हे ती कुणाला सांगत नव्हती.

"आज तर पोहताय!" पंक्चरवाला म्हणाला.

"डोळे तपासून घे. मी धरतेय."

दोराचं मात्र जमेना. नुसता दोर दाखवला की ठोंब्या असा चेहरा करी जणू त्याची थट्टा चाललीय. शेवटी आत्याने दोराच्या टोकाला चप्पल बांधली, होडी ढकलून दिली आणि म्हणाली, "आण!" ठोंब्या गेला, चप्पल धरली, आणि चपलेमागून दोर, दोरामागून होडी, अशी वरात काठाला आली. आत्याने ओल्या कुत्र्याला असं काही कवटाळलं की दोघंही चिखलात बसले. संध्याकाळपर्यंत सहाही दोरांना एकेक चप्पल लागली. हिरवी, निळी, लहान, मोठी, सगळ्या एकट्या.

साहेब आले त्या दिवशी भाचाही आला, गाडी घेऊन. निकाल काय लागणार हे त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आल्या आल्या त्याने आत्याची भांडी दोन खोक्यांत भरून डिकीत ठेवली. आत्याने खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ केली.

साहेबांनी होड्या पाहिल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय सोंग आहे, बाई? चपला कसल्या लटकवल्यात?"

"साहेब, ती आमची सोय आहे. अर्जात लिहिलीय तीच."

"होडीला नुसता दोरच हवा. काढा त्या." त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायाने एका होडीची चप्पल सोडली आणि होडी जोरात आत लोटली. वारा होताच. होडी बघता बघता वीस-पंचवीस हात लांब गेली.

"ठोंब्या, आण!" आत्याचा आवाज चिरकला.

ठोंब्याने होडीकडे पाहिलं. दोराकडे पाहिलं. मग रुबाबात शिपायाकडे गेला, त्याच्या हातातली चप्पल काढून घेतली आणि आत्याच्या पायाशी आणून ठेवली. शेपूट अशी हलत होती की विचारू नका.

पंक्चरवाल्याने कपाळावर हात मारला. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "चल आत्या," भाचा हळूच म्हणाला.

आत्याला गॅलरी दिसली. कुंड्या दिसल्या. आणि तिचं डोकंच फिरलं. तिने ती चप्पल पुन्हा ठोंब्याच्या तोंडात दिली, पायातल्या स्वतःच्या चपला काढून ठेवल्या आणि सरळ पाण्यात शिरली.

"आत्या! गुडघा!" भाचा किंचाळला.

गुडघ्याला आता विचारतंय कोण! पाणी कमरेला आलं, खांद्याला आलं, आणि ती पोहू लागली, सगळ्यांदेखत, न लपवता. मागून फुर्र फुर्र आवाज आला. तोंडात चप्पल धरून ठोंब्या तिच्या बरोबरीने येत होता. होडीपाशी पोचेपर्यंत आत्याला धाप लागली. एका हाताने होडीची कड धरून दुसऱ्या हाताने तिने दोर चपलेच्या पट्ट्यात ओवला, दात लावून गाठ मारली. "हं, बाळा. आता आण."

ठोंब्या वळला आणि निघाला. दोर ताठ झाला, होडी हलली, आणि होडीची कड धरून पाय मारत आत्याही.

काठ जवळ आला तेव्हा तिला दिसलं की कुणीतरी मांडीपर्यंत पाण्यात उभं आहे. भाचा. ऑफिसच्या बुटांसकट, पँटसकट. हात पुढे केलेले, पण आणखी एक पाऊल टाकायची हिंमत होत नव्हती. त्याला पोहता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती पडली तेव्हाही तो याच धक्क्यावर होता, नुसता ओरडत. तिला बाहेर काढलं पंक्चरवाल्याने. त्या दिवसानंतर त्याने गॅलरीचं घर शोधायला सुरुवात केली होती. हे सगळं आत्याला आजच, एवढ्या पाण्यातून, लख्ख कळलं.

ठोंब्याने चपलेसकट दोर तिच्या हातात दिला आणि मगच अंग झटकलं. साहेब नखशिखांत भिजले.

"अर्जात लिहिलंय, कुत्रा होडी आणतो," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "पण पोहत तर तुम्ही गेलात."

"होडी त्यानेच ओढली की! मी नुसती धरली होती."

पंक्चरवाल्याला हसू आवरेना, तो तिथेच खाली बसला. साहेबांनी एकदा ठोंब्याकडे, एकदा आत्याकडे पाहिलं. "सोय एक मागितली होती, इथे दोन दिसतायत," ते पुटपुटले आणि त्यांनी शिक्का मारला. "चपला राहू द्या," जाता जाता शिपायाला म्हणाले.

सगळे गेल्यावर आत्या धक्क्यावर टॉवेल गुंडाळून बसली. भाच्याने डिकीतली खोकी एकेक करून घरात नेऊन ठेवली. मग तिच्या शेजारी येऊन बसला, ओले बूट-मोजे काढले आणि पाय पाण्यात सोडले. ठोंब्याने तेवढ्यात त्याचा एक बूट पळवून आत्याच्या मांडीवर आणून ठेवला.

"खूप घाबरलो गं मी," तो म्हणाला. "तेव्हाही."

"माहितीये रे." आत्याने बुटातलं पाणी ओतून टाकलं. "उद्या सुट्टी घे. सकाळी लवकर उठ."

"कशाला? मला नाही हं पोहता येणार, आत्या."

"पोहायला कोण सांगतंय?" आत्या म्हणाली. "मी नुसतं धरते."