धागेबाबाचा हिरवा धागा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. धागेबाबाने हिरवा धागा ताईच्या तोंडासमोर धरला आणि बघता बघता तो निळाशार झाला.

"देहातलं विष बोलतंय!" बाबा गरजला. मग धागा डाव्या हातात घेऊन काहीबाही पुटपुटला. धागा पुन्हा हिरवा! "गेलं विष. आता यंत्राबिंत्राची गरज नाही, माउली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई आनंदाने रडली. तिची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त साफ करून घ्यायचं, डायलिसिस. त्या दिवसापासून ती डायलिसिसला गेलीच नाही.

ताईच्या नवऱ्याचा, भावजींचा फोन आला तेव्हा आठ दिवस उलटले होते. धाकटी बहीण परगावाहून धावतच आली. ताईचा चेहरा सुजलेला, धाप लागलेली, श्वासाला उग्र दर्प.

"ताई, ऊठ. दवाखान्यात जाऊ."

"अगं, धागा हिरवा झाला. मी डोळ्यांनी पाहिलाय."

उशाशी तो धागा पाहताच धाकटीने ओळखला. तिच्या प्रयोगशाळेत असलेच धागे बनत. तिने काचा पुसायच्या, अमोनिया असलेल्या औषधाची बाटली उघडून धागा बाटलीच्या तोंडाशी धरला, निळा झाला. मग संडास धुवायच्या ॲसिडच्या वाफेवर धरला, हिरवा.

ताईने धागा हातात घेतला. "म्हणजे मी बरी झालेच नव्हते?"

दवाखान्यात नेलं, पण हृदय थकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई गेली.

पुढच्या सभेत धाकटी थेट मंचावर चढली. भावजींनी बाबाचे हात धरले, तिने बाह्या झटकल्या. उजवीतून अमोनियात भिजवलेला कापसाचा बोळा पडला, डावीतून ॲसिडचा.

"या धाग्यावर वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकचा लेप आहे," ती म्हणाली. "ॲसिड मुरलं की तो हिरवा होतो, वीज वाहते. अमोनिया लागला की ॲसिडचा जोर मरतो, धागा निळा पडतो, वीज अडते. कारखान्यात वायुगळती ओळखायला हा वापरतात. यात रोगही नाही आणि देवही नाही."

एक म्हातारे गृहस्थ धडपडत उठले. "बायकोचं इन्सुलिन बंद केलंय हो मी!" म्हणत दाराकडे पळाले.

धाकटी लोकांकडे वळली. "बारा वर्षं मी हेच धागे करते. घरी कधी कुणाला समजावून सांगितलं नाही. कुणाला कळणार, असं वाटायचं. ताईला दोन मिनिटांत कळलं. तुम्हालाही कळेल. चमत्कार दिसला की आधी विचारा, हे कसं झालं? आणि उत्तर मिळेपर्यंत औषध थांबवू नका."